रुडॉल्फच्या गॅरेजातला पंप

१

बर्नाडेटने गॅरेजचं पत्र्याचं रोलर डोअर वर ढकललं तेव्हा आधी धुराचा वास आला, मग उकाड्याचा भपकारा, आणि मग प्लायवूडच्या आडोशामागून बाहेर आलेले नवऱ्याचे दोन पाय दिसले. एका पायात सपात होती. दुसरी खाटेखाली गेली होती.

फेब्रुवारीतला शनिवार, १९८५ साल, पेंडल हिलमध्ये पारा चाळिशीच्या वर, दुपारचे साडेचार. रुडॉल्फ रात्रपाळी करून आला की गॅरेजातच घडीची खाट टाकून, कानांत बोळे घालून झोपायचा. अख्ख्या घरात घराखालची ती विटांची खोली तेवढी गार असायची. त्या दिवशी तो झोपला तो उठलाच नाही.

खाटेपासून चार पावलांवर त्याचं प्रेशर वॉशर उभं होतं. पाण्याचा जोरदार फवारा मारून ड्राइव्हवेवरचं शेवाळ नि तेलाचे डाग उडवायचं ते यंत्र, पेट्रोलवर चालणारं. स्विच 'ऑन'वर. टाकी ठणठणीत कोरडी. पोलिसांना फार डोकं चालवावं लागलं नाही. इंजिन कोणीतरी चालू ठेवून गेलं, पेट्रोल संपेस्तोवर ते चाललं, बंद गॅरेजात धूर कोंडला आणि झोपेतल्या माणसाला त्याने नेलं.

आणि त्या यंत्राला शेवटचा हात लावलेला माणूस कोण? मार्सेलिनचा मुलगा मानवेल.

मार्सेलिन वसईची. वय साठ, शाळा दुसरीपर्यंत, जीभ मात्र बॅरिस्टरची. नवरा गेल्यावर वीस वर्षं केळीची वाडी एकटीने चालवली, दोन भाऊबंदांना कोर्टात पाणी पाजलं, आणि मग मुलाच्या हट्टाखातर सिडनीला आली. घाबरणं तिला ठाऊक नव्हतं, असं ती स्वतः सांगायची. त्या आठवड्यात ते सांगणं बंद झालं.

कारण मानवेल जेवत नव्हता. रात्री उठून गॅसच्या चुलीचे कॉक बघायचा. गाडीची चावी काढून खिशात घातली तरी परत जाऊन बॉनेटला हात लावायचा, इंजिन खरंच बंद आहे का म्हणून. सुनेची, फ्रेडाची, हॉस्पिटलात ड्यूटी. ती घरी आली की नवऱ्याला पोरासारखं भरवायची.

"नीट सांग मला एकदा," मार्सेलिन म्हणाली. "शनिवारी काय काय केलंस?"

"बाराला गेलो, आई. मशीन तो मला विकणार होता, सेकंडहँड, म्हटलं घ्यायच्या आधी चालवून बघू. टाकी भरली. ड्राइव्हवेवर पाण्याचा पाइप जोडून अर्धा तास चालवलं. मस्त चाललं. मग पाइप काढला, मशीन गॅरेजात ढकललं. रुडॉल्फ म्हणाला, मी आता आडवा होतो, संध्याकाळी ठरवू. फ्रेडाची शिफ्ट सुटायची होती, मी पळालो."

"आणि बंद?"

मानवेलने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "केलं असेल ना! रोज करतो माणूस. पण आठवत नाही, आई. त्याच्या शेजाऱ्याने दुपारी एकपासून गॅरेजातून इंजिनचा आवाज ऐकलाय. मग मीच चालू ठेवलं असणार. सार्जंटने कागद टाइप केलाय. सोमवारी दहाला जाऊन सही करून टाकतो."

"काय लिहिलंय त्या कागदावर?"

"की रुडॉल्फ माझ्या हातून मेला."

२

रविवारी मिस्सा आटोपल्यावर मार्सेलिन चर्चच्या पायरीवर बर्नाडेटची वाट बघत उभी राहिली. देवळाच्या पाटीवर, बाळाच्या पाळण्याच्या आणि वापरलेल्या फ्रीजच्या चिठ्ठ्यांमध्ये, एक नवी चिठ्ठी लागली होती. मानवेलने वाचून दाखवली होती: प्रेशर वॉशर विकणे आहे, भेटा आल्फ्रेडला. आल्फ्रेड म्हणजे बर्नाडेटचा भाऊ. ती लहानपणापासून ठाण्याला, तो मात्र वसईच्या वाडीतच वाढलेला, आता राहायला क्वेकर्स हिलला.

माणूस मातीत जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि यंत्राला गिऱ्हाईक शोधायची एवढी घाई? ज्याला सुतक कळतं तो चार दिवस थांबतो. ज्याला ते यंत्र डोळ्यांपुढून घालवायचंय तो थांबत नाही.

"बर्नाडेट, बाय, ते मशीन मी बघायला येते," मार्सेलिन म्हणाली.

बर्नाडेट पांढरीफटक पडली. "तुम्ही? घ्यायला?"

"मग काय आरती ओवाळायला?"

बोलून गेल्यावर तिलाच जीभ चावावीशी वाटली. पण बर्नाडेट मान हलवून बारा वाजता या म्हणाली.

मानवेलने गाडीतून आणलं, पण रस्त्याच्या पलीकडे थांबवली आणि स्टिअरिंग सोडलं नाही. "मी आत नाही येणार. आई, मला जमणार नाही."

"नको येऊस. काच खाली ठेव आणि बस."

बर्नाडेटने रोलर डोअर वर केलं. खाट काढून टाकली होती. प्लायवूडचा आडोसा तसाच होता. मार्सेलिनने क्रूस केला आणि आत पाऊल टाकलं.

"त्या दिवशी तू कुठे होतीस गं?"

"वूलीजला, सामान आणायला. नंतर पॅरामॅटाला, चुलतबहिणीकडे. रुडॉल्फची यूट, ती उघड्या हौद्याची गाडी, मीच नेली होती." बर्नाडेटचा आवाज बसला होता. "दाराशी यूट नसली की लोकांना वाटतं तो बाहेर गेलाय. कोणी हाक मारायला पण आलं नाही बघा. कोणी एकाने जरी हाक मारली असती…"

"हे मशीन कोणी उघडलं का नंतर? दुरुस्त केलं?"

"कोण करणार? पोलिसांनी बघितलं, परत ठेवलं. मी तर तिकडे नजर टाकत नाही. आल्फ्रेड म्हणाला, ताई, मी काढून टाकतो, तुला बघवणार नाही."

ती वर गेली. मार्सेलिन यंत्रापुढे पाटावर बसल्यासारखी फतकल मारून बसली.

पंप तिला नवा नव्हता. वाडीच्या विहिरीवर तिने वीस वर्षं डिझेलचं इंजिन फिरवलं होतं. तिकडे इंजिन एका बाजूला, पंप दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कातडी पट्टा. फूटवाल्व, पाइपाच्या बुडाची झडप, सुटला, पंपातलं पाणी उतरलं, की आधी बांबूने पट्टा उतरवायचा. मग इंजिन एकटं धडधडत राहिलं तरी पंपाला झळ नाही. पट्टा न उतरवता कोरडा पंप फिरवला, की पाव तासात आतली रबरी सीलं भाजून निघालीच. एकदा गड्याने असा पंप जाळला तेव्हा मार्सेलिनने त्याला तीन दिवस विहिरीतून घागरींनी पाणी काढायला लावलं होतं.

म्हणून तिने सवयीने आधी पट्टा शोधला. बाजूचं झाकण चाचपलं. खाली वाकून बघितलं. पुन्हा बघितलं.

पट्टा नव्हता. इंजिनाचा दांडा सरळ पंपाच्या पोटात गेला होता. इंजिन फिरलं की पंप फिरणारच, एकाशिवाय दुसरं नाही. आणि या गॅरेजात नळ नाही. मानवेलने पाइप बाहेरच काढून ठेवला होता. म्हणजे पेट्रोल संपेस्तोवर हा पंप कोरडाच फिरला असला पाहिजे.

मार्सेलिनने पंपावर हात ठेवला. आता पंपाला विचारायचं. तो भाजलेला निघाला, तर मुलगा दोषी. भाजलेला नसला, तर—

पुढचा विचार तिने केला नाही. पदर खोचला.

३

वापरलेला पंप घेताना माणसं रंग बघतात. मार्सेलिन आधी खाली बघायची. तिने पंपाच्या बुडाखाली वर्तमानपत्र सरकवलं, मिनिटभर थांबली, ओढून काढलं. थेंब नाही. मग तेलाची काडी उपसून उजेडात धरली. सीलं गेली की पाणी तेलात शिरतं आणि तेल दुधाळ होतं, चहा नासल्यासारखं. हे तेल मधासारखं पारदर्शक होतं.

मनात काहीतरी वर उसळलं. तिने ते दाबलं. एवढ्यावर आशा धरायची नाही. एखाद्याने मागाहून सीलं बदलली असतील तर?

पंपाच्या डोक्यावर बोल्ट होते. त्यांच्या खाचांतून वर्षानुवर्षांची काळी चिकटण बसली होती, वर बारीक धूळ, कारखान्याचा रंग डोक्यांवरून खालच्या पत्र्यावर अखंड आलेला. पाना लागला असता तर रंग तडकला असता. या पंपाला कोणी हात लावलेला नव्हता.

उरलं चालवणं. यंत्र बाहेर ड्राइव्हवेवर ढकललं, बागेचा पाइप जोडला. पेट्रोल तिने येताना डब्यातून आणलं होतं. दोरी ओढायला कंबर साथ देईना. दुसऱ्या झटक्याला दोरी हातातून सुटली, तिसऱ्याला इंजिन असं बोंबललं की कुंपणावरचा कावळा उडाला.

तिने पाण्याची गन दाबली. फवारा ताठ, एकसारखा. पंप भाजलेला असता तर पाइप हातात जनावरासारखा धडधडला असता, पाणी धापा टाकत आलं असतं. इथे पाइप शांत. गन सोडली, तरी बुडाखालून एक थेंब नाही.

"अहो, बंद करा ते! बंद करा!"

कुंपणापलीकडे शैलेंद्र उभा होता. पुण्याचा, इंजिनिअर, बारीक मिशी, रविवारीसुद्धा इस्त्रीचा शर्ट. त्याचं नि रुडॉल्फचं या यंत्राच्या आवाजावरून दोनदा जुंपलं होतं, हे अख्ख्या पेंडल हिलला माहीत. मार्सेलिनने स्विच फिरवला.

"का रे बाबा? कान दुखले?"

"मावशी, तो माणूस गेला याच्यामुळे, आणि तुम्ही रविवारी दुपारी…" तो थांबला. "सॉरी. मला तो आवाज सहन होत नाही आता. त्या दिवशी मी ऐकला आणि उठून बघायला गेलो नाही. मला वाटलं, रोजचंच आहे."

मार्सेलिनने त्याच्याकडे रोखून बघितलं. खोटं बोलणारे तिने कोर्टात पुष्कळ बघितले होते. हा त्यांतला नव्हता. शिवाय इंजिनिअर. पंपाने मारलं असं भासवायचं याच्या मनात असतं, तर त्याने पंप असा धड ठेवला नसता.

"तू ऐकलास तो हाच आवाज?"

"हाच म्हणजे? त्या मशीनचाच ना. पोलिसांनी विचारलं, इंजिनचा आवाज आला का? म्हटलं, हो, एक ते अडीच."

"पोलिसांचं सोड. मी परत चालू करते. डोळे मीट आणि ऐक."

तिने दोरी ओढली. शैलेंद्रने डोळे मिटले. काही क्षणांनी त्याच्या कपाळावर आठी पडली. त्याने हात वर केला. मार्सेलिनने इंजिन बंद केलं.

"हा नव्हता," तो हळू म्हणाला. "मी पंखा लावून पेपर वाचत होतो. हा असता तर मला खोलीत बसवलं नसतं. तो जाड होता, मंद. घुमल्यासारखा. माय गॉड! मावशी, तो गाडीचा होता."

तो उन्हात उभा असून त्याच्या अंगावर काटा आलेला तिला दिसला.

"उभी गाडी दीड तास चालू ठेवायची म्हणजे बॅटरी बसलेली. तुझ्याकडून त्या दिवशी कोणी काही मागून नेलं होतं?"

"मागून नाही. पण माझ्या कारपोर्टमधून जंपर लीड्स, त्या बॅटरी जोडायच्या वायरी, गेल्या. रविवारी लक्षात आलं. म्हटलं, कोणी पोरांनी…"

मार्सेलिन वळली. गॅरेजात, आतल्या भिंतीच्या खिळ्यावर, एका जुन्या पाइपाच्या वेटोळ्याखाली लाल आणि काळी अशा दोन जाड वायरी लोंबत होत्या.

"घरात जा," ती शैलेंद्रला म्हणाली. "आणि मी म्हणेस्तोवर कोणाला काही बोलू नकोस."

तेवढ्यात गल्लीत एक निळी होल्डन शिरली. घरासमोर सपाट रस्ता मोकळा होता, सावलीही होती. तरी गाडी पुढे गेली आणि कोपऱ्यावरच्या उतारावर, नाक खाली करून उभी राहिली. उन्हात. चार वर्षांपूर्वी मानवेलनेही महिनाभर अशीच गाडी लावली होती. बॅटरी मेलेली असली की ढकलायला माणूस लागत नाही, उतार पुरतो.

गाडीतून आल्फ्रेड उतरला.

४

"मार्सेलिनबाय! तुम्ही आणि मशीन?" आल्फ्रेड हसला. चाळिशीचा, गोरा, मऊ चेहऱ्याचा. डोळ्यांखाली मात्र कोळसा फासल्यासारखं. "पण चांगलं केलंत. घरातल्या घरात राहील."

"घरातल्या घरात काय राहील, मढं?"

त्याचं हसू गेलं. मार्सेलिनची जीभ नेहमीपेक्षा जास्त चालत होती. तिला भीती वाटली की तसंच व्हायचं.

"मी नाही घेत," ती म्हणाली. "पोलिस सांगतात, बिनपाण्याचं चाललं, टाकी संपेस्तोवर. पंप जळाला असणार. जळका पंप कोण घेईल?"

"छे हो! पंपाला काय होतंय?" आल्फ्रेड घाईने बोलला. यंत्र आजच्या आज जावं, एवढंच त्याला हवं होतं, ते दिसत होतं. "इंजिन निराळं, पंप निराळा. तुम्ही वाडी चालवलीय, तुम्हाला काय सांगायचं? पट्टा उतरलेला असला की पंप नुसता बसून असतो."

"इथे पट्टा उतरलेला होता?"

"असणारच."

"मग दाखव. मला सापडेना, डोळे गेले माझे."

यंत्र तिने सावलीसाठी परत गॅरेजात ढकललं होतं. पाण्याचा पाइप जोडलेला, बाहेरच्या नळापासून दाराखालून आलेला. मार्सेलिनने दोरी ओढली. "चालू करूनच दाखव, कुठे फिरतोय तो."

आल्फ्रेड गुडघ्यांवर बसला. त्याने बाजू बघितली, मागे हात घातला, पुन्हा पुढून. इंजिन बोंबलत होतं. त्याचा हात दांड्यापाशी आला, पंपाला लागला, थांबला. तिथेच राहिला. मार्सेलिनला त्याची मान दिसत होती. ती मान हळूहळू घामाने भिजत गेली.

तो उठला. तिच्याकडे न बघता दारापाशी गेला आणि रोलर डोअर खाली ओढलं.

पत्रा खडखडत आला आणि पाइपावर अडकला. खाली वितीएवढी फट राहिली. तेवढाच उजेड. बाकी अंधार, आवाज आणि धूर.

"उघड," मार्सेलिन म्हणाली. स्वतःचा शब्द तिला ऐकू आला नाही.

तो स्विचच्या आणि तिच्यामध्ये उभा होता. तोंड हलत होतं. "…ताई वर आहे… ऐकेल… बंद करू नका, बाय, आधी माझं ऐका…"

"माझा मुलगा बाहेर बसलाय!"

"मी मुद्दाम नाही केलं!"

तिला त्यातलं अर्धंच कळलं. डोळे चुरचुरू लागले. याच जागी, एवढ्याच अंधारात, रुडॉल्फ निजला होता. हा माणूस वाईट आहे की नुसता भित्रा, हे ठरवायला तिच्याकडे वेळ नव्हता. भित्र्या माणसाच्या हातून पण तेवढंच मरण येतं. मानवेल काच खाली करून बसला असेल, पण या आवाजात तिची हाक कुठली पोचायला? आणि तो तर या गॅरेजात पाऊल टाकणार नाही म्हणाला होता.

तिच्या हातात गन होती. तिने ती आल्फ्रेडवर नाही, त्याच्या मागच्या पत्र्याच्या दारावर धरली आणि दाबली.

एकाच वेळी हजार ताटं वाजवावीत तसा पत्रा कडाडला. आल्फ्रेडने कानांवर हात घेतले. तिने सोडलं, पुन्हा दाबलं. सोडलं, दाबलं. पंप दमला नाही. दार हादरत होतं, पाणी परतून तिच्याच तोंडावर येत होतं, आणि ती देवाचं नाव घेत होती की शिव्या देत होती ते तिला शेवटपर्यंत आठवलं नाही.

फटीत चार बोटं आली. मग दुसरी चार. दार वर उडालं.

मानवेल होता. पांढराफटक, तोंड उघडं. त्याने आईकडे बघितलं, आल्फ्रेडकडे बघितलं आणि सरळ यंत्रापाशी आला. डावा हात खाली गेला, पेट्रोलचा कॉक मिटला, उजव्याने स्विच फिरवला. बघितलंही नाही. हातांनी आपलं आपण केलं.

शांतता अशी आली की कानांत घंटा वाजायला लागल्या.

"बघितलंस?" मार्सेलिन धापा टाकत म्हणाली. "बघितलंस, तुझे हात काय करतात ते?"

मानवेल आपल्याच हातांकडे बघत राहिला.

५

आल्फ्रेड ओल्या जमिनीवर बसला होता. शैलेंद्र कुंपण ओलांडून आला, इस्त्रीच्या शर्टासकट.

"मी सांगते," मार्सेलिन म्हणाली. "चुकलं तर टोक. हा पंप घडीभर जरी कोरडा चालला असता तर भाजला असता. भाजलेला नाही. मागाहून उघडलेलाही नाही. म्हणजे त्या दुपारी हे इंजिन चाललंच नाही. ते चालल्याचं म्हणतात तेव्हा शैलेंद्रने गाडी ऐकली. मानवेलची गाडी एकच्या आधीच गेली होती. यूट बर्नाडेटकडे. उरली कोणाची? आणि ज्याची उरली त्याची बॅटरी मेलेली, म्हणून लीड्स लागल्या. ज्याने टाकी रिकामी करून स्विच फिरवला, त्याला वाटलं इंजिन एकटं चालतं, पंप आपला बसून असतो. असं कोणाला वाटेल? या पुणेकर इंजिनिअरला नाही. ज्याने आयुष्यात पट्ट्याचाच पंप बघितला, त्याला. ठाण्यात वाढलेल्या तुझ्या ताईने पंप बघितलेलाच नाही. तू आमच्या बाजूचा."

"तुमच्यासारखाच," आल्फ्रेड म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

"इथे येताना गाडीने खोकायला सुरुवात केली," तो सांगू लागला. "दारात येऊन बंद पडली. शैलेंद्रच्या कारपोर्टमधून लीड्स घेतल्या, यूट नव्हती म्हणून त्याच्याच गाडीवरून स्टार्ट केली. तो आत होता, त्याला कशाला उठवा! बॅटरी भरायला तासभर इंजिन चालू ठेवायला पाहिजे. ऊन एवढं, म्हणून गाडी गॅरेजात घातली; उन्हातून आत, अंधारात आडोशाकडचं काही दिसलं नाही. चावी आत, कोणी पळवील म्हणून दार ओढलं. मला वाटलं रुडॉल्फ बाहेर गेलाय. यूट नव्हती ना! हाकही मारली नाही मी. वर गेलो, पंख्याखाली पडलो, डोळा लागला." त्याने ओठ आवळले. "अडीचला खाली आलो. गाडी बाहेर काढली. आणि पाय दिसले."

"तेव्हाच बोंब का नाही मारलीस?"

"गेला होता, बाय. गाल लाल होते, झोपल्यासारखा. पण गेला होता. मी काय सांगणार होतो ताईला? मी तुझा नवरा मारला? मानवेल मशीन बघायला येणार हे ताईकडून मला माहीत होतं. मी मशीनची टाकी रिकामी केली… आणि…"

"आणि माझ्या मुलाच्या गळ्यात बांधलंस."

"तो विसरला असेल असं लोक म्हणतील, अपघात म्हणतील, सुटेल. असं वाटलं."

मानवेल पुढे आला. "मी रोज सकाळी उठलो ना, आल्फ्रेड," तो म्हणाला, "तेव्हा आधी रुडॉल्फचं तोंड यायचं डोळ्यांपुढे. आठ दिवस. तू मिस्साला माझ्या मागच्या बाकावर बसलास. हात मिळवलास."

आल्फ्रेडने मान वर केली नाही. "बाय, ताईला नका सांगू. पोलिसांना सांगतो, मी जातो, उद्याच जातो. पण ताईला नको. तिला आता माझ्याशिवाय कोण आहे?"

मार्सेलिनने तोंड उघडलं. तिच्याकडे या प्रश्नाला उत्तर होतं, चांगलं धारदार, आणि ते तिने दिलं नाही. कारण जिन्यावर बर्नाडेट उभी होती. पत्र्याचा कडकडाट तिनेही ऐकला होता. केव्हापासून उभी होती कोणास ठाऊक. कठडा धरलेल्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या.

"मी त्याला एक हाक मारली असती रे," ती भावाला म्हणाली, "तुझ्या जागी असते तर. मी रोज मनात म्हणते, कोणी एकाने हाक मारली असती."

तिने कठडा सोडला.

"वर ये," ती म्हणाली.

तो उठला. सगळे तिच्या मागोमाग वर गेले, कारण मागे त्या गॅरेजात थांबायला कोणीच तयार नव्हतं. बर्नाडेटने सार्जंटचं कार्ड फोनखालून काढलं, नंबर फिरवला आणि रिसीव्हर भावाच्या हातात दिला. आल्फ्रेडने तो कानाला लावला. पलीकडून कोणी बोलल्याचं ऐकू आलं, दोनदा. त्याच्या तोंडातून आवाज फुटेना. वीस वर्षं या देशात इंग्रजी बोलणारा माणूस, एक शब्द येईना.

बर्नाडेटने रिसीव्हर परत घेतला.

"हॅलो, सार्जंट," ती म्हणाली, मिस्साचं वाचन करायची तशी, एकेक शब्द स्पष्ट. "धिस इज मिसेस बर्नाडेट. मानवेल नीड नॉट कम टुमॉरो. माय ब्रदर विल कम. आय विल ब्रिंग हिम."

तिने फोन ठेवला आणि खुर्चीवर बसली. मार्सेलिन तिच्या शेजारी बसली. तिने ओल्या पदराचं टोक पिळलं आणि बर्नाडेटचा हात हातात घेतला.